जुन्या जहाजावरची नारळी पौर्णिमा

आमच्या अमेरिकेतल्या मराठी मंडळाला समुद्र फक्त नारळी पौर्णिमेला आठवतो. एरवी घर, ऑफिस आणि आयसेलिनच्या देशी दुकानांतलं वाणसामान. यंदा अध्यक्षांना हुक्की आली, पौर्णिमा बंदरातल्या जुन्या शिडाच्या जहाजावर करू. युरोपातली गरीब माणसं भरभरून अमेरिकेत आणणारं ते जहाज, आता संग्रहालय. आमची लेक तिथे सुतारकाम करते. कुजक्या फळ्या काढायच्या, नव्या बसवायच्या, फटींत दोर ठोकून वर डांबर ओतायचं. इंजिनिअरिंग सोडून हे धरलं, आणि इतकी खुशीत असते की काय सांगू! आमचे हे मात्र मंडळात सांगतात, "मरीन इंजिनिअर आहे." डोंबल! तिचं काम एकदाही बघायला गेले नव्हते. त्या सकाळी पोरीचा मला मेसेज आला: नवा डेक मी केलाय, बाबांना नक्की दाखव.

खालच्या मजल्यावर प्रवाशांची झोपायची फळकुटं बघून अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी नाकाला रुमाल लावला. "ईऽऽ, असे आले हे लोक? किती डाऊनमार्केट यार!" स्वतः भारतातून येताना बॅगेत मेतकुटाची पुडी फुटून विमानतळभर वास सुटला होता, ते विसरल्या बाई. उथळ पाण्याला खळखळाट फार.

वर येऊन अध्यक्षांनी नारळ काढला. पाण्यात टाकला तर दंड होईल, म्हणून या दीडशहाण्याने डेकवर हळदकुंकू वाहिलं आणि नारळ तिथेच आपटला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ह्यांनीही. नव्या फळीला खोक पडली, कुंकवाचं लाल पाणी फटीत उतरलं.

लेक धावत आली. डांबराने माखलेले हात, मळका डगला. गुडघे टेकून फडक्याने पुसायला लागली. मागून तिचा बॉस आला. "ही तुझी माणसं आहेत का?" त्याने इंग्रजीत विचारलं. तिने बाबांकडे पाहिलं. सगळं मंडळही बघत होतं.

हे घसा खाकरून म्हणाले, "नो, नो. आम्ही फक्त व्हिजिटर्स."

मुलखाचा भेकड माणूस! माझ्या अंगाची लाही लाही झाली. "माझी मुलगी आहे ती!" मी ओरडले.

लेकीने वरही पाहिलं नाही. ह्यांच्या बुटाशी फडकं नेऊन थांबली.

"सर, प्लीज स्टेप बॅक."

आणि हे मुकाट्याने मागे सरकले.