कंपनीचा आपला माणूस

एका मोठ्या कॉम्प्युटर कंपनीच्या साहेबानं मला चहा पाजून फसवलं. यात गैरसमज वगैरे काही नव्हता. फसवणारा तो, फसलेला मी.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सन दोन हजार उजाडलं की जगातले सगळे कॉम्प्युटर गोंधळणार, अशी आवई उठली होती आणि कंपन्या माणसं गोळा करत सुटल्या होत्या. मी सांगलीत टीव्ही दुरुस्त करता करता डिप्लोमा केला होता, कॉम्प्युटर उघडून जोडायला शिकलो होतो. वडील फौजेतून परतलेले, वशिला शून्य. त्या कंपनीत मोठ्या यंत्रांवर हात बसला असता. तो बाहेर कुठंही बसणार नव्हता, म्हणून ती नोकरी मला हवी होती. बाकी तिथल्या टायचं आणि काचेच्या दारांचं मला कौतुक नव्हतं.

मुलाखती साताऱ्यात एका मंगल कार्यालयात होत्या. लग्नाचे मुहूर्त नव्हते, भाडं स्वस्त पडलं असणार. ‘वधूपक्ष’ लिहिलेल्या खोलीत आम्ही उमेदवार आणि ‘वरपक्ष’ लिहिलेल्या खोलीत कंपनी. कोण कुणाला नाकारणार, हे दारावरच लिहिलेलं होतं.

आत तीन साहेब होते. नोकरी मिळाली तर तीन वर्षं सोडून जाणार नाही, असं लिहून द्यायचं होतं. त्याला ते बॉण्ड म्हणत. मी विचारलं, “तीन वर्षं मला काढणार नाही, असं तुम्हीही लिहून देणार का?” तिघेही हसले. “घासाघीस चांगली करता,” असं एक जण इंग्रजीत म्हणाला. मला वाटलं, सौदा जमला.

मधल्या सुट्टीत त्या तिघांतलाच एक, पन्नाशीचा, बाहेर आला. टाय सैल करून त्यानं माझ्या खांद्यावर हात टाकला.

“गाव कंचं रं तुजं?”

मी उडालोच. “सांगलीजवळ. आई रहिमतपूरची.”

“मग झालंच की! माजी थोरली भन रहिमतपुरातच दिलीया. आपलाच निघालास गड्या. चल, चहा घिऊ.”

आमच्याकडे एकदा गाव जुळलं की माणूस मोकळा होतो. ज्यानं आपल्या आजोळी बहीण दिली, त्याच्याशी हातचं राखून बोलणं म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला पाणी न विचारणं. टपरीवर साहेबानं चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला.

“आता खरं सांग. बॉण्ड संपल्यावर काय करनार?”

“आवं, करायचं काय? काम शिकायचं आन् सांगलीत स्वतःचं टाकायचं. जल्मभर दुसऱ्याची हमाली कोन करतंय?”

“लय भारी! असंच पायजे,” म्हणत त्यानं पाठ थोपटली. चहाचे पैसेही त्यानंच दिले. तिथंच मला शंका यायला हवी होती.

जरा वेळानं मला पुन्हा आत बोलावलं. साहेबाचा टाय आवळलेला होता आणि इंग्रजी कडक इस्त्रीचं झालं होतं. “या उमेदवाराला इथं टिकायचं नाही, शिकून पळायचं आहे. त्यानं स्वतः मला सांगितलं.”

“आवं, ते चहावर बोललो की!” मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मराठी तो आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होता. मी टेबलावर मूठ आपटली. पाण्याचा ग्लास त्यांच्या कागदांवर आडवा झाला. मग शिपायानं मला धरून बाहेर आणलं.

परतीच्या एसटीत शेजारी इस्लामपूरचा एक उमेदवार बसला होता. माझ्या शिव्या ऐकून तो हसायला लागला. “तुला बी चहा पाजला व्हय? मला म्हनला, माजी थोरली भन इस्लामपुरात दिलीया. आन् आपल्यातल्याच त्या चष्मेवाल्या पोराला फलटण सांगितलं.”

एकच बहीण साहेबानं एका दिवसात तीन गावांत दिली होती.

“मग तू काय बोललास?”

“म्हटलं, सायेब, कंपनी हीच माजी आई. मरूस्तवर हितंच.” त्यानं मला कोपर मारलं. “अमेरिकेचं ठरलंय रं माजं. मामा बोलावतोय.”

नोकरी त्याला लागली. वर्षाच्या आत तो बॉण्डसकट आईला सोडून अमेरिकेला गेला. मी सांगलीत दुकान टाकलं, ते चाललंही. पण जे मला तिथं शिकायचं होतं, ते चुकत, ठेचकाळत शिकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि मोठ्या यंत्राला हात कधी लागलाच नाही.

साहेब, मला नाकारायचा तुम्हाला हक्क होता. पण खुर्चीत बसून विचारायची तुमची छाती झाली नाही. त्यासाठी तुम्ही माझ्या घरची भाषा वापरलीत, आणि खरं बोलणाऱ्याला हाकलून खोटं बोलणाऱ्याला आत घेतलंत. ही युक्ती कंपनीनं तुम्हाला शिकवली, की तुम्ही कंपनीला? ज्यानं शिकवली असेल त्यानं सांगलीला यावं, माझ्या दुकानात माझ्यासमोर उभं राहावं आणि उत्तर द्यावं.