सिद्धम्माची लाल सीट

चन्नबसप्पानं दुसरं लग्न केलं ते त्रेपन्न साली, आणि पहिल्या बायकोला भर रस्त्यात मोटारीतून उतरवलं तेही त्याच साली, लग्नानंतर नवव्या दिवशी. लोहाऱ्यातल्या लोकांना लग्नाचं फारसं काही वाटलं नाही. भुईमुगाचा मोठा व्यापारी, घरात मूल नाही, आणि त्या काळी तिथं कायद्याचीही आडकाठी नव्हती. मोटारीतून उतरवल्याचं मात्र सिद्धम्माशिवाय कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही.

मोटार चौतीस सालची फोर्ड होती. पोलिस ॲक्शननंतर एक जहागीरदार घाईघाईनं मुलूख सोडून गेला, त्याच्याकडून चन्नबसप्पानं ती घेतली. घेताना सिद्धम्माच्या माहेरच्या पाटल्या मोडल्या. त्या दिवशी नवी बायको गिरिजा, तिची आई आणि सिद्धम्मा मागच्या सीटवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. अणदूरला खंडोबाच्या दर्शनाला निघाले होते. जळकोटच्या अलीकडं गिरिजाचा मामा रस्त्यावर उभा दिसला. त्यालाही यायचं होतं.

पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेल्या चन्नबसप्पानं मान वळवली. "सिद्धम्मा, तू उतर. मागनं सर्व्हिस मोटार येईल."

"दर्शनाला मलाबी यायचंय."

"आगं, खंडोबालाबी दोघी हाईत. म्हाळसा कधी रुसून बसली न्हाय."

"खंडोबानं म्हाळसेला घोड्यावरनं उतरवलं न्हवतं," सिद्धम्मा म्हणाली.

मामा हसला. चन्नबसप्पानं दार उघडून धरलं. ती उतरली, मामा चढला, मोटार धुरळा उडवत गेली. सर्व्हिस आलीच नाही. सिद्धम्मा अणदूरला गेली नाही. ज्वारीच्या रानातून वाट काढत परत लोहाऱ्याला चालत आली. टाचा फुटल्या. पण चालताना तिला टाचांचं काही वाटत नव्हतं. डोळ्यांपुढं ते उघडं दार होतं, आणि ते धरणारा हात.

तिचा भाऊ आला, पंच बसले. जुनं घर आणि माहेरकडून आलेलं शेत तिच्याकडं राहिलं. चन्नबसप्पानं बाजारगल्लीत नवं घर बांधलं. सिद्धम्मानं दोन म्हशी घेतल्या, भुईमूग पिकवला, आणि गावात कुणाच्या तोंडाला लागली नाही. सहा वर्षांनी चन्नबसप्पानं नवीकोरी अँबॅसडर आणली, तेव्हा जुनी फोर्ड चार माणसांकडून ढकलत तिच्या गोठ्यापर्यंत आणली आणि कागदही तिच्या नावावर करून दिला.

"मोटारीत बसायचा लई सोस हाय न्हवं तुला? घे. बस आता दिवसभर."

माणसं हसली. सिद्धम्मानं कागद घेतला, घडी घालून पेटीत ठेवला. फोर्डच्या मागच्या सीटवर पुढं दोन वर्षं कोंबड्या अंडी घालत होत्या.

एकसष्ट साली नळदुर्गाजवळ अँबॅसडर चिंचेनं भरलेल्या ट्रकवर आदळली. चन्नबसप्पाच्या गळ्याचं हाड मोडलं, तो बचावला. मोटारीचं तोंड पार चेपलं. ती सोलापूरच्या एका भंगारवाल्यानं नेली. ही बातमी बब्रुवान मिस्त्रीनं आणली. नळदुर्गला त्याचं मोटारदुरुस्तीचं छोटं दुकान होतं.

"पुढचा समदा चेंदामेंदा झालाय, आक्का. पर सिटा बघाव्यात. लाल रेक्झिन, आतल्या स्प्रिंगा ताठ. वरखडा न्हाय."

सिद्धम्मा म्हशीची धार काढत होती. तिचा हात थांबला.

"आण."

"काय आणू?"

"सिटा. आपल्या मोटारीत बसवायच्या."

बब्रुवानला वाटलं, बाईला ऊन लागलं. "आक्का, तुमची मोटार जागची हालत न्हाय. आधी इंजन बघावं लागंल. सीट तर शेवटचं काम."

"इंजन मागनं कर. आधी सीट."

पंधरा दिवसांनी बैलगाडीतून, गोणपाटाखाली झाकून, सिटा आल्या. गोठ्यात पाऊल ठेवताच बब्रुवाननं कपाळाला हात लावला. जुनी सीट उचलली तर खालून उंदरांची पिल्लं पळाली. गादीत भरलेले घोड्याचे केस, गंजलेल्या स्प्रिंगा आणि अंड्यांची टरफलं यांचा नुसता लगदा झाला होता. आणि नवी सीट फोर्डच्या दारातून आत जाईना. चार बोटं लांब भरत होती. शिवाय अँबॅसडरची मागची सीट पत्र्याच्या खोलगट बैठकीवर बसलेली असते. फोर्डमध्ये तशी बैठकच नाही, खाली फळ्या.

"कापावी लागंल," बब्रुवान म्हणाला. "दोन्ही बाजूंनी. खाली बाभळीची चौकट करून बोल्टनं आवळू. पर चांगली सीट कापायची म्हंजे जिवावर येतंय."

"तुज्या येत आसंल. करवत हिकडं दे."

त्यानं रेक्झिन उसवून मागं सारलं, लोखंडी दांडी उघडी केली. सिद्धम्मानं पदर खोचला आणि करवत चालवायला घेतली. किस पायावर पडत होता, हाताला फोड येत होते. रेक्झिनवर एका जागी विडीचा डाग होता, वाटाण्याएवढा. चन्नबसप्पा डाव्या हातानं विडी ओढायचा. डाग डावीकडंच होता. तो बघून तिनं करवत अशी ओढली की बब्रुवान दोन पावलं मागं सरकला. दांडी तुटून खाली पडली तेव्हा ती कितीतरी वर्षांनी मोठ्यानं हसली.

इंजिनानं तीन महिने खाल्ले. पण अणदूरच्या यात्रेला फोर्ड चालू झाली. बाहेरून रंग उडालेला, एक दिवा आंधळा, आणि आत लालभडक सीट. बब्रुवान चालवायला. यात्रेला निघालेल्या बायका पाळीनं बसून आल्या. बसताना जी ती सीटवर हात फिरवून बघत होती.

संध्याकाळच्या आत यात्रा पांगली. रस्त्यावर सर्व्हिससाठी झुंबड उडाली होती. चन्नबसप्पा त्या गर्दीत उभा होता, गळ्याचं हाड नीट बसलं नव्हतं म्हणून खांदा कललेला. शेजारी गिरिजा. फोर्ड समोर येऊन थांबली तसा तो पुढं आला, आत डोकावला, आणि त्याचा चेहरा बदलला.

"ह्या सिटा माज्या हाईत!"

"हुत्या," सिद्धम्मा म्हणाली. "तुमी भंगारात घातल्या."

त्यानं आजूबाजूला बघितलं. गावची माणसं ऐकत होती. आवाज खाली आणून तो म्हणाला, "बरं ऱ्हाऊ दे. खांदा ठणकतोय. सर्व्हिसमधी शिरता यायचं न्हाय. जरा सरक."

आठ वर्षं तिनं हे वाक्य मनात ऐकलं होतं. दरवेळी उत्तर वेगळं असायचं, मोठं असायचं, कधी शिव्या असायच्या. आता तिनं सीटच्या मधोमध मांडी घातली.

"जागा न्हाय," ती म्हणाली. मग गिरिजाकडं बघून: "तू ये गं."

गिरिजा नवऱ्याकडं न बघता चढली. धुरळ्यात तो एकटा उभा राहिला.

गिरिजा सीटच्या कडेवर बसली होती, रेक्झिनला पाठ न टेकता. जळकोट मागं पडल्यावर ती म्हणाली, "आक्का, लई मऊ हाय."

"आता सांगतीस? दोन वर्षं बसलीस की हिच्यावर."

"म्या? मला कवा बसवलं? साड्यांचा रंग लागतोय म्हणायचे. येपाऱ्यांसाठी हाय म्हणायचे. म्या सर्व्हिसनंच जायची."

सिद्धम्माला त्या दिवशी मिळालेलं समाधान तिथंच कुठंतरी सांडलं. जिच्या जागेवर बसायची म्हणून तिनं हात फोडून घेतले, ती त्या जागेवर कधी बसलीच नव्हती. पण म्हणून राग निवला असं नाही. तो आता एकाच माणसावर येऊन थांबला, आणि जास्त धारदार झाला.

चन्नबसप्पानं मध्यस्थ पाठवले. सीट परत द्या, बदल्यात म्हैस घ्या. तिनं मध्यस्थांना चहा दिला आणि लाल सीटवर बसवून घरी सोडलं.

चौसष्टच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, गिरिजा अनवाणी पळत आली. चन्नबसप्पा दुकानात कोसळला होता. डावी बाजू गेली होती, तोंड वाकडं. गावात जीप नव्हती, सर्व्हिस सकाळी निघून गेलेली, सोलापूर पन्नास-पंचावन्न मैल.

"आक्का, मोटार द्या. पाया पडते."

सिद्धम्मा ओसरीवर शेंगा फोडत होती. बब्रुवान योगायोगानं तिथंच होता, मोटारीचं तेल बदलायला आलेला.

"मोटार ने," ती म्हणाली. "बब्रुवान, मागची सीट काढ."

बब्रुवानला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आक्का, माणूस मरायला टेकलाय."

"म्हणून तर मोटार देते. सीट माजी हाय. फळ्यावर कडबा टाक, वर वाकळ टाक. लोळूनच तर जायचंय."

"आक्का..."

"जेवढा येळ बोलशील तेवढा त्याला कमी."

बब्रुवाननं पाना घेतला. बोल्ट गंजले होते, निघता निघेनात. गिरिजा आधी रडली, मग सिद्धम्माच्या तोंडाकडं बघत राहिली, मग डोळे पुसून सीटची एक बाजू धरली. दुसरी बब्रुवाननं. दोघांनी ती उतरवून अंगणात लिंबाखाली ठेवली. कडबा अंथरला. मोटार बाजारगल्लीकडं गेली आणि तिथून माणसाला घेऊन सोलापूरच्या वाटेला लागली.

सिद्धम्मा लिंबाखालच्या सीटवर जाऊन बसली. गावातल्या बायका कुंपणापाशी येऊन बघून गेल्या. दुसऱ्या दिवशी मोटार परत येईपर्यंत ती म्हशींच्या धारा सोडता तिथून उठली नाही. त्याची पाठ खडकाळ रस्त्यावर फळीला किती वेळा आदळली असेल, हे ती मोजून बघत होती असं पुढं तिनं स्वतःच एकदा गिरिजाला सांगितलं.

तो वाचला. पाय ओढत चालायचा, बोलणं अर्धवट. आणखी सात वर्षं जगला. सिद्धम्मा त्याला बघायला गेली नाही, आणि तिला त्याचा पश्चात्ताप झाला असंही कुणी ऐकलं नाही. गिरिजा मात्र दर मंगळवारी तिच्याकडं ताक न्यायला यायची आणि बराच वेळ बसायची.

सीट परत बसवताना एक बोल्ट सापडला नाही. बब्रुवाननं बराच शोधला, मग तसंच आवळून टाकलं. तेव्हापासून खड्डा आला की सीट एका बाजूनं उचलायची. "दुसरा बोल्ट घालू का?" त्यानं विचारलं.

"ऱ्हाऊ दे," सिद्धम्मा म्हणाली. "बसता येतंय."