शेलूबाजारच्या थांब्यावर माझे हात

विदर्भातल्या शेलूबाजारला उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि कारंज्याच्या जीपला अजून चार माणसे कमी होती. जीप भरल्याशिवाय हलत नाही. मग हॉटेलात बसून आलूबोंडा (आपला बटाटेवडा) आणि त्यावर ओतलेली गरम कढी खाल्ली. एवढ्या उन्हात गरम कढी कशाला, असे मी माझ्या पुणेरी मराठीत विचारल्यावर हॉटेलवाला म्हणाला, "गारवा पायजे होता तं पुन्यालेच राहाचं होतं!"

तेवढ्यात थांब्यावर गलका झाला. पन्नाशीची एक बाई नवऱ्यामागोमाग जीपमध्ये चढता चढता कोसळली होती. "ऊन लागलं, ऊन लागलं!" म्हणत लोक धावले, अगदी मनापासून धावले. एकाने कांदा फोडून तिच्या नाकाला लावला, दुसऱ्याने पाणी शिंपडले. मी वाकून पाहिले. श्वास नव्हता.

अशा वेळी काय करायचे ते मला येत होते. निवृत्तीच्या आधी ऑफिसात छाती दाबण्याचे (सीपीआरचे) प्रशिक्षण झाले होते. पण तिथे प्लास्टिकची बाहुली होती. तिला ना पदर होता, ना नवरा. इथे "बाईमानूस हाय, मांगं सरका" म्हणत सगळे पुरुष सभ्यपणे पाठमोरे उभे राहिले, आणि माझेही हात पुढे होईनात. लोक काय म्हणतील, एवढीच भीती होती.

"कांदा राहू द्या, छाती दाबा!" मी तिच्या नवऱ्यावर ओरडलो.

"डाक्टर हाय का तुमी?"

"नाही. पण दाबा, जोरात!"

तान्ह्या बाळाला थोपटावे तसे त्याने दाबले. "हाडूक मोडन ना भाऊ!"

"मोडू द्या हो!"

मग तो खरोखर दाबू लागला. मी मोठ्याने मोजत राहिलो. पाठमोऱ्यांतले दोघेतिघे वळले आणि माझ्याबरोबर मोजू लागले. नवऱ्याचा सदरा घामाने भिजला तेव्हा कुठे ती कण्हली. त्याच जीपमधून तिला दवाखान्यात नेले. मी नवऱ्याला माझा नंबर दिला आणि दुसऱ्या गाडीने कारंजा गाठले.

पुण्याला परतल्यावर त्याचा फोन आला. "बरगडी मोडली, पन बोलून राह्यली. मलेच शिव्या देते!" मी हसलो, आणि हसता हसता डोळे भरून आले.

बायकोने सगळे ऐकून घेतले. मग विचारले, "आणि नवरा बरोबर नसता तर?"

"तर ती गेली असती," मी म्हणालो. "तिथल्या लोकांना काय करायचे ते माहीत नव्हते गं. मला माहीत होते."