बंद कारखान्याची घरघर

मी आपल्या पिपलानी कॉलनीच्या ग्रुपवर कधी लिहीत नाही, पण आज दुपारपासून डोकं सुन्न झालंय यार.

माझी ताई अवकाशातल्या गुरुत्वलहरींच्या डेटावर काम करते. म्हणाली, "हजारो ताऱ्यांचे सिग्नल मिसळून येतात. ओळखीचा एकेक वजा करायचा. चुकलं तर खरी गोष्टच निघून जाते."

मी डोळे मिटून, मोठ्याने नावं घेत घरातले आवाज वजा केले. पंखा, फ्रिज, मग कारखान्याची रोजची घरघर. काहीच उरलं नाही.

ताई हसली, "पागल, आज रविवार! कारखाना बंद आहे."

मग आम्ही पंखा आणि फ्रिजही बंद केला. घरघर चालूच होती. ताई हसायची थांबली.

ती आज रात्री हबीबगंज स्टेशनवरून परत जातेय. आजपासून या खोलीत मी एकटी.

पिपलानीवाल्यांनो, लहानपणापासून आपण नक्की कशाची घरघर ऐकत झोपतोय?