बोनकोड्याचं न उघडलेलं मेडिकल

आमच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टींचा साठा कधी संपत नाही. एक, औषध कंपन्यांनी फुकट वाटलेली पेनं. दुसरी, किस्से. त्यातली पेनं चालत नाहीत.

मी कोपरखैरण्यातल्या एका कॉलेजात डी.फार्मच्या पोरांना फार्माकोलॉजी शिकवते. मेडिकलचं दुकान चालवायचं तर हा डिप्लोमा लागतो. ज्यांचा विषय राहिलाय त्यांची परीक्षेआधी एक उजळणी बॅच असते, आणि ती दरवर्षी माझ्याच गळ्यात पडते. प्रिन्सिपलसर म्हणतात, "मॅडम, तुमच्यात पेशन्स आहे." माझ्यात पेशन्स नाही, थायरॉइड आहे. पण ते त्यांना सांगून काय उपयोग!

* * *

या वर्षीच्या बॅचमध्ये ज्योतीताई शिंदे होत्या. साताऱ्याकडच्या, नवरा मार्केटमध्ये माथाडी, पोरं शाळेत, आणि स्वतः ताई आपल्या पोरांच्या वयाच्या वाटाव्यात अशा मुलींबरोबर पहिल्या बाकावर. वहीत कमी लिहायच्या आणि मान जास्त डोलवायच्या.

एकदा मी रिसेप्टर शिकवत होते. म्हटलं, शरीरात कुलपं असतात आणि औषध म्हणजे किल्ली. अ‍ॅगोनिस्ट ही बरोबर बसणारी किल्ली, ती कुलूप उघडते. अँटॅगोनिस्ट कुलपात जाऊन बसते, स्वतः उघडत नाही आणि दुसऱ्या किल्लीलाही आत येऊ देत नाही.

ज्योतीताई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी."

मी म्हटलं, बरोबर. मागून कोणीतरी विचारलं, मग पार्शल अ‍ॅगोनिस्ट कोण? तो थोडंसंच उघडतो.

"खजिनदार," ताई म्हणाल्या. "पाण्याचा टँकर बोलावतो, पण अर्धा."

त्या दिवसानंतर त्या धड्यावर एकाचंही उत्तर चुकलं नाही.

* * *

याच ताईंनी चिठ्ठीवरच्या खुणा घरी नेल्या. डॉक्टर लिहितात ना, ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी म्हणजे दोनदा, एसओएस म्हणजे लागलं तरच, स्टॅट म्हणजे ताबडतोब. पाठ व्हायला पाहिजे म्हणून त्यांनी नवऱ्याला मेसेज टाकला, "दूध बीडी, भाजी ओडी, तुमच्या आईंना फोन एसओएस."

नवऱ्याने तो मेसेज विश्वासाने आईला फोनवर वाचून दाखवला. गावाकडून सासूबाईंनी एसओएसचा अर्थ विचारला. भाबड्या माणसाने खरा अर्थ सांगितला.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला. "सूनबाईला सांग, मी उद्याच्या गाडीने येतीय. आणि लगेच येतात त्याला तुमच्यात काय म्हणतात, ते पण तिलाच विचार."

ताई बॅचला येऊन म्हणाल्या, "मॅडम, स्टॅट आता जन्मात विसरणार नाही."

* * *

पण या बॅचचा खरा नग म्हणजे निलेश पाटील. बोनकोडे गावचा, आगरी, वडिलांच्या इमारतीत तळमजल्याला गाळा. पोरगा हुशार, लेखी परीक्षेत पास. फक्त तोंडी परीक्षेत दोनदा आपटलेला.

त्याची विचार करायची पद्धत वेगळी. मी फर्स्ट पास शिकवलं. गोळी गिळली की आधी लिव्हरमधून जाते, तिथे तिचा बराचसा भाग खर्ची पडतो, उरलेला रक्तात पोचतो. म्हणून काही गोळ्या जिभेखाली ठेवतात, मग लिव्हर टळतं.

निलेश म्हणाला, "म्हंजे लिव्हर हा टोलनाका, आणि जिभेखालचा रस्ता गावातून."

मी खूश झाले. तर तो पुढे म्हणाला, "पन मॅडम, आता हलक्या गाड्यांना टोल माफ हाय. मंग हलक्या गोळीला का नाय?"

वीस वर्षं शिकवतेय, पण हा प्रश्न मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

* * *

बीपीच्या काही गोळ्यांची नावं 'प्रिल'ने संपतात. त्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, आणि परीक्षेत हे हमखास विचारतात. निलेशने युक्ती काढली, प्रिल म्हणजे एप्रिल, एप्रिलमध्ये कोरडा खोकला. अख्ख्या बॅचने ती उचलली. मीही मनातल्या मनात उचलली, कबूल करते.

सराव परीक्षेत एका मुलीने लिहिलं, "हा खोकला सीझनल असून मे महिन्यात आपोआप बरा होतो."

* * *

एके दिवशी निलेशचे वडील मला दुकान दाखवायला घेऊन गेले. गावात सगळे त्यांना पाटीलशेठ म्हणतात. काचेची कपाटं, काउंटर, वर दिव्यांची पाटी, 'निलेश मेडिकल'. सगळं तयार, औषध तेवढं नव्हतं. कोपऱ्यात औषधांचा फ्रीज मात्र चालू होता. दोन ते आठ डिग्री तापमान पाहिजे हे पोराकडून ऐकून शेठनी आधीच लावून ठेवलेला.

मी कौतुकाने दार उघडलं. आत भलामोठा जिताडा आडवा पडलेला.

शेठ म्हणाले, "आठवर मासा टिकत नाय मॅडम, म्हून दोनवर ठेवलाय."

मी म्हटलं, शेठ, यात इन्सुलिन ठेवायचंय. ते म्हणाले, "ठेवू ना. पोऱ्या पास तं होऊ दे."

मग स्टुलावर बसले आणि खरं बोलले. समोरचा मोबाईल कव्हरवाला गाळा मागत होता. घरातले सगळे म्हणत होते, देऊन टाका, किती दिवस बंद ठेवणार. शेठनी सांगितलं होतं, या परीक्षेपर्यंत थांबा, पोरगा या वेळीही आपटला तर देऊ. मी विचारलं, बाकीचे करतात तसं दुसऱ्या कोणा फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर लावून का नाही उघडत?

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच विचारल्याची लाज वाटली. "मॅडम, भिंतीवर दुसऱ्याचा बाप लावतो का कुनी?"

अर्धा जिताडा त्यांनी मला बांधून दिला. मी घेतला. घरी येऊन तो तळताना मला पहिल्यांदाच त्या पोराची काळजी वाटली.

* * *

हा तोंडीत का आपटतो ते शोधायला मी खोटी तोंडी घेतली. ज्योतीताईंना चष्मा लावून परीक्षक केलं. ताईंनी विचारलं, गरोदर बाईला ही गोळी चालेल का?

इतका वेळ बडबडणारा निलेश ताठ झाला आणि म्हणाला, "सदर गोळी उपरोक्त रुग्णास अनुज्ञेय नाही."

आम्ही सगळे गार! मग उलगडा झाला. लहानपणापासून घरात शुद्ध मराठी म्हणून एकच गोष्ट आली होती, बेलापूरच्या सरकारी ऑफिसांतून येणाऱ्या जमिनीच्या नोटिसा. शेठना त्या वाचून दाखवायचं काम याचंच. आपली बोली परीक्षकाला चालणार नाही या भीतीने हा नोटीस होऊन बोलायचा. गेल्या वेळच्या परीक्षकांना वाटलं, पोरगा आपली थट्टा करतोय.

मी म्हटलं, "निलेश, घरी बोलतोस तसं बोल."

"घरी बोलतो तसा बोललो तं भायेर काढतील, मॅडम."

"नोटिशीत बोलून दोनदा काढलंय. आता घरच्यासारखं बोलून बघ."

* * *

तोंडीला बाहेरून आलेले परीक्षक कडक. हसणं त्यांना वर्ज्य असावं. आवाज बसलेला, गळ्याला मफलर. टेबलावर गोळ्यांच्या खऱ्या पाकिटांचा ट्रे मांडलेला. आधीच्या मुलांना त्यांनी पाच-पाच मिनिटांत हलवून सोडलं. शेवटी निलेश. मी नियमाप्रमाणे शेजारी गप्प बसलेली.

सर म्हणाले, "समज, मी गिऱ्हाईक आहे. हे दुकान तुझं."

निलेश नुसतं 'दुकान' ऐकून सरळ बसला.

सरांनी अझिथ्रोमायसिनच्या पाकिटावर बोट ठेवलं. "ही दे. घसा धरलाय."

"चिठ्ठी हाय का, काका?"

'काका' ऐकून मी डोळे मिटले.

"चिठ्ठी नाही. नेहमीचीच गोळी आहे."

"ही अँटिबायोटिक हाय. चिठ्ठीशिवाय देता नाय येत. मिठाच्या कोमट पान्यानं गुळन्या करा, आनि डॉक्टरना दाखवा."

"तुझ्या बापाला ओळखतो मी."

"मंग त्यालाच विचारा. त्याला पन नाय दिली मी."

सरांनी गोळीचं काम कसं चालतं, कोर्स अर्धवट सोडला तर काय होतं, सगळं विचारलं. निलेशने सगळं सांगितलं, आपल्या भाषेत, न अडखळता. सरांनी मफलर सारखा केला आणि मार्कांचा कागद पुढे ओढला.

"ठीक. नाटक संपलं," ते म्हणाले. मग पेन उघडून, कागदावर टेकवून, आवाज खाली आणून म्हणाले, "आता खरंच सांगतो. चार दिवस घसा फार धरलाय. हिंडायला वेळ नाही. ते पाकीट दे इकडे."

मी लगेच ट्रेकडे हात नेला. पोराच्या आयुष्याचा प्रश्न, माझ्या तत्त्वांचं नंतर बघू. पण ट्रे निलेशच्या जवळ होता. त्याने तो हलकेच आपल्याकडे सरकवला.

"सर, नाटक होतं तवा नाय दिली. आता तं खरं हाय."

सर त्याच्याकडे बघत होते, आणि मी सरांच्या पेनाकडे.

"दुकान कधी उघडतंय तुझं?" सरांनी विचारलं.

"ते तुमच्या हातात हाय, सर."

सरांनी हातातल्या पेनाकडे पाहिलं. मार्क लिहिले, खाली सही केली, कागद घडी करून पाकिटात घातला आणि उठता उठता म्हणाले, "बरं. मग चिठ्ठी घेऊनच येतो."