येरमाळ्याचा धूर

बार्शी सोडून निजामाच्या हद्दीत शिरले, तर करोडगिरीच्या (जकातीच्या) नाक्यावर शिपायानं बाळंतविड्याचं गाठोडंच सोडायला लावलं. टोपडी, दुपटी बाजूला सारून त्याची नजर डिंकाच्या लाडवांवर थांबली. नैवेद्याशिवाय कुठलंच सरकार पावत नाही. लाडू देऊन मी पुढं निघाले.

आमची आई नाही, म्हणून धाकट्या बहिणीचं, शांताचं बाळंतपण सासरी, येरमाळ्याला झालं होतं. बाळ सारखं खोकतंय असा निरोप आला आणि माझा पाय घरात ठरेना.

घाट चढून गेल्यावर सकाळच्या थंडीत गाव दिसलं, ते निळ्या धुराखाली.

"वारं पडलंय न्हवं," गाडीवान म्हणाला. "चुली, गुऱ्हाळ, पाचटाचा जाळ, समदा धूर हितंच बसतोय. उन्हं तापली की जातोय वर."

शांताच्या खोलीचं दार बंद होतं. बाजेखाली शेगडीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यावर ओवा-शेपांची धुरी. माझे डोळे चुरचुरले. बाळाची छाती घरघरत होती. मी कडीला हात घातला, तर शांताच्या सासूबाईंनी तो धरला.

"सव्वा महिना वारं लागू द्यायचं न्हाय, ताई."

"विहीणबाई, धुरानं घुसमटतोय हो तो!"

"माझं पयलं लेकरू दार उघडं ऱ्हायलं म्हणून गेलं."

एरवी माझी जीभ कुणाला ऐकत नाही. त्या दिवशी मी कडी सोडली. त्यांनी भाकरी वाढली, ती मुकाट्यानं खाल्ली.

दुपारी ऊन तापलं, वारं हललं, गावावरचा धूर विरला. मी हळूच म्हटलं, "आता हवा उबदार आहे. तुम्हीच घ्या त्याला, पदराखाली."

बराच वेळ त्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. मग स्वतःच दार उघडून, बाळाला घेऊन अंगणात वाऱ्याकडं पाठ करून बसल्या. बाळ खोकलं, पुन्हा खोकलं आणि झोपलं. हळूहळू घरघर उतरली. मला रडूच आलं.

तेव्हापासून विहीणबाई शेगडी अंगणात पेटवत. धूर सरून निखारे लाल झाले की मगच आत आणत.

मी निघाले त्या दिवशी बाळ दूध पिऊन हसत होतं. विहीणबाई गाडीपर्यंत आल्या, माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, "ताई, माझं लेकरू वाऱ्यानंच गेलं असंल न्हवं?"

"वाऱ्यानंच, विहीणबाई," मी म्हणाले.

इतक्या मायेनं मी आयुष्यात दुसरं काही खोटं बोललेली नाही.