गुडघ्याएवढी पहिली लाट

बंदरावर त्याला सगळे भोंगा म्हणत, तेही तोंडावर. समुद्राची पातळी नोंदवणाऱ्या खोलीत तो एकतीस वर्षं कामाला होता. उभ्या नळात तरंगणारा डबा, त्याला जोडलेलं पेन, फिरता कागद आणि धोका वाटला तर वाजवायचा भोंगा, एवढाच त्याचा संसार.

चार वर्षांपूर्वी त्याने तो वाजवला होता. जमीन चांगलीच हलली होती. पण समुद्राच्या तळाशी खडकाचे दोन थर एकमेकांना आडवे घासून गेले. तळ वर उचलला गेला नाही, म्हणून पाणीही उठलं नाही. गाव दिवसभर टेकडीवर उन्हात बसलं आणि खाली लिलावाची मासळी कुजली. हे आडवं-उभं त्याने नंतर दिसेल त्याला समजावलं. ऐकतो कोण? न्हावी त्याला सगळ्यांत शेवटी खुर्चीत बसवू लागला. सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ, लिलाव पुकारायचा. तो बहिणीच्या घरी पाणीही पिईना.

त्या सकाळी हादरा दोन मिनिटं थांबलाच नाही. त्याने पेनकडे न बघता भोंगा वाजवला.

लोक शिव्या देत टेकडीवरच्या शाळेत चढले. शाळेचं फाटक दिवसा उघडंच असे, पण अशा वेळी त्याची किल्ली भोंग्याकडे असे. तो शेवटी आला.

लाट आली. धक्क्यावर गुडघाभर पाणी चढलं, चार खोकी हलली, पाणी उतरलं.

"हीच का ती?" मेहुणा म्हणाला. "आमची धाकटी आंघोळीला बसली की याहून जास्त सांडते."

लोक हसत फाटकाकडे निघाले. भोंग्याने कुलूप लावून किल्ली खिशात टाकली.

"भाऊजी, उघडा. मासळी उन्हात आहे."

"तळ उचलला गेला की पाणी एकदाच येत नाही. पुन्हा पुन्हा येतं. पहिली लाट सगळ्यांत मोठी असेलच असं नाही."

"म्हणजे दुसरी येणार, नक्की?"

"नक्की माहीत नाही."

"मग कोंडता कशाला?"

"माहीत नाही म्हणूनच."

मेहुण्याने त्याची कॉलर धरली. मागून कोणीतरी थोबाडीत दिली, मग आणखी कोणी. त्याची बायको पायरीवर बसून होती. तिने भावालाही अडवलं नाही आणि नवऱ्यालाही काही म्हटलं नाही. खिशात हात घालणाऱ्यांना तो कोपराने ढकलत राहिला.

"ते बघा," न्हावी म्हणाला.

खाली पाणी धक्का सोडून मागे चाललं होतं. होड्या चिखलात आडव्या झाल्या. मग क्षितिजाजवळची करडी रेघ जाड होत गेली. लिलावाची शेड उभीच्या उभी उचलली गेली. तिच्यामागोमाग पेनाची खोलीही गेली.

मेहुण्याने कॉलर सोडली.

"झालं समाधान?" तो म्हणाला, जणू भाऊजींनीच समुद्राला सांगावा धाडला होता. "आली ना तुमची लाट? द्या आता किल्ली."

"अजून येतील," भोंगा ओठावरचं रक्त पुसत म्हणाला आणि फाटकाला पाठ टेकून खाली बसला.

मेहुणा त्याच्यासमोर थुंकला. मग तो आवारात पार वरच्या टोकाला, बहिणीपलीकडे जाऊन बसला.